पाय कुठे गेला होता?

अपघातात सापडलेली मोटारसायकल टेम्पोतून घरी येते, तेव्हा घरातले कोणी तिच्याकडे धड बघत नाही. गेल्या डिसेंबरात आमची बुलेट अशीच आली. पुढचे चाक इंजिनाला टेकलेले, हेडलाइटच्या जागी वायरींचा नुसता गुंता, हँडल पिळवटलेले. टेम्पोवाल्याने आणि मी तिला कशीबशी ढकलत अंगणातल्या सीताफळाखाली नेऊन उभी केली. सौभाग्यवतींनी खिडकीचा पडदा ओढून घेतला, तो आठ दिवस उघडला नाही.

बुलेट माझी. १९९१ साली घेतली, तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. चिरंजीवांकडे त्यांची स्वतःची आधुनिक गाडी आहे, पण त्या दिवशी ती सर्व्हिसिंगला गेली होती, आणि त्यांच्या मित्राला पन्हाळ्यावरून सूर्यास्त बघायचा होता. मी किल्ली दिली आणि म्हणालो, "जपून जा." एवढे म्हटले की बापाचे कर्तव्य संपते, अशी आपल्याकडे समजूत आहे.

परतताना अंधार पडला. केर्लीच्या अलीकडे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चाक पंक्चर होऊन उभा होता, निम्मा रस्त्यावर. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर उसाच्या वाढ्याखाली झाकलेला. आमच्या भागातल्या वाचकांना हे चित्र रंगवून सांगायला नको. गळीत हंगाम सुरू झाला की आमचे रस्ते चार-पाच महिने साखरेच्या मालकीचे होतात. चिरंजीव त्या ट्रॉलीवर जाऊन आदळले. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होते. खांदा निखळला, मनगट सुजले, एवढ्यावर भागले. मागे बसलेल्या मित्राच्या डोक्यावर काही नव्हते. त्याचे मांडीचे हाड मोडले, कपाळापासून कानापर्यंत टाके पडले आणि दोन दिवस तो स्वतःच्या आईला ओळखत नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्याला उचलून, येणारी जीप आडवी होऊन थांबवून दवाखान्यात पोचवले ते त्या ट्रॅक्टरच्याच ड्रायव्हरने. अपघात झाला की जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि पोलिसांना कळवायचे, हे मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाने चालकावर टाकलेले काम आहे. त्या माणसाने ते कलम वाचले असेल असे मला वाटत नाही. पण तो पळाला नाही.

घरात मात्र खटला उभा राहिला, आणि निकाल पहिल्याच संध्याकाळी लागला. दोष ट्रॉलीचा. सौभाग्यवती म्हणाल्या, "दिवा नाही, काही नाही, रस्त्यात डोंगर उभा करून ठेवायचा आणि माझ्या पोराला विचारायचं?" मेहुण्यांनी कारखान्यांना, आरटीओला आणि एकूणच राज्यकारभाराला दोष दिला. चिरंजीव गळ्यात हात बांधून बसले होते. "साठच्या आतच होतो," एवढेच ते म्हणाले. मीही मान हलवली. अपघातात दुसऱ्याची चूक इतकी ढळढळीत असली की फार बरे वाटते हो.

पोलिसांचे सोपस्कार आटोपल्यावर गाडी दुरुस्तीला न्यायची होती. शोरूमवाल्याने फोनवरच सांगितले की, इतक्या जुन्या गाडीपेक्षा नवी घ्या. मग मी शिवाजी उद्यमनगर गाठले. शेतीची ऑइल इंजिने बनवून ज्या गावाने नाव काढले, त्या गावाचा हा कारखानदार पेठवजा भाग. एका गल्लीत ओतकाम, शेजारी लेथ, पलीकडे नुसते बेअरिंगचे दुकान. इथे वाकलेले, तुटलेले, झिजलेले असे काहीही घेऊन जा, "बघू की" असेच उत्तर येते. माझे मेस्त्री सत्तरीचे. खांद्यावरचा टॉवेल सोडला तर तीस वर्षांत त्यांच्यात काही बदललेले मी पाहिलेले नाही.

खांदा थोडा सुधारल्यावर चिरंजीवांनाही मी बरोबर नेले. मेस्त्रींनी पाने काढण्याआधी एक दोरी काढली. मागच्या चाकाला एका बाजूने ताणून ती पुढे आणली, मग दुसऱ्या बाजूने. चेसिस सरळ आहे का, हे बघण्याची ही जुनी रीत. चेसिस वाचली होती. मग फोर्क उतरवला, त्याचे दोन्ही पाइप काचेच्या जाड तुकड्यावर ठेवून बोटाने फिरवले. फिरताना पाइपाखालून उजेडाची फट उघडझाप करायला लागली. प्रेसवर सरळ करता येतील का, असे मी विचारले. खर्चाची काळजी मला होतीच.

"सरळ हुतील की. पण वाकल्याला परत वाकाय वेळ लागत न्हाई. पुढच्या चाकाचा भार ह्यावर हाय, साहेब. नवेच घालायचे."

रिमही बाद. स्टिअरिंगचा कोनसेट बदलायचा. टाकीचा खड्डा मात्र काढून मिळेल. हे सगळे बोलता बोलता त्यांनी पुढच्या चाकाचा ड्रम उघडला आणि माझ्याकडे न बघता विचारले, "ह्याचं लायनर कधी बदललं हुतं?"

मला आठवेना. आठवत होते ते वेगळेच. गणपतीच्या सुमारास पुढचा ब्रेक हलका लागतो असे मला जाणवले होते, आणि दिवाळीनंतर बघू असे मी मनाशी म्हटले होते.

पुढचा प्रश्न चिरंजीवांना होता. मेस्त्रींनी गिअरच्या लिव्हरवर हाताने दाबून पाहिले. ती खाली जाईना. "पोरा, धडकलास तवा गाडी कितव्या गिअरात हुती?"

"तिसऱ्या."

"ही तर टॉपात हाय. त्या दिसापास्नं कुणी गिअर टाकलाय?"

कोणी टाकला नव्हता. टेम्पोत चढवली तीही क्लच दाबून ढकलत.

"मग तुझा पाय कुटं गेला हुता?"

वाचकांना इथे थोडी यंत्राची गोष्ट सांगितली पाहिजे. आजच्या मोटारसायकलींवर उजव्या पायाखाली मागचा ब्रेक असतो आणि डाव्या पायाखाली गिअर. जुन्या बुलेटवर बरोबर उलट, गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे. पहिला गिअर लिव्हर वर उचलून पडतो आणि पुढचे तिन्ही खाली दाबून. चिरंजीवांना हे ठाऊक नव्हते असे नाही. गल्लीत, बाजारात त्यांनी बुलेट बिनचूक चालवली होती. पण समोर अंधारातून अचानक उसाची भिंत उभी राहिली, तेव्हा डोके बाजूला राहिले आणि पायाने तीन वर्षांची सवय पाळली. उजवा पाय जीव खाऊन खाली दाबला गेला. क्लच दाबलेला होताच. गिअर मुकाट्याने तिसऱ्यातून चौथ्यात गेला, मागचे चाक मोकळेच फिरत राहिले, आणि हातातला पुढचा ब्रेक म्हणजे माझे झिजलेले लायनर.

मुलगा काही बोलला नाही. गल्लीत जाऊन उभा राहिला. मेस्त्रींनी चहा सांगितला, तो तिघांचाही निवला.

त्या रात्री मी बऱ्याच वर्षांनी पेन्सिल घेऊन गणित मांडले. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तसेच गेले. नंतर ब्रेक उत्तम असले तरी आणखी २८ मीटर. एकूण ५३. आणि माझ्या त्या जुन्या हेडलाइटचा डिप झोत ३०-३५ मीटरपलीकडे काही दाखवत नव्हता. म्हणजे दिसले तेव्हाच वेळ गेलेली होती. ताशी ४० ला हीच बेरीज २९ येते. धडधाकट ब्रेक आणि योग्य जागी पाय असता तर गाडी ट्रॉलीच्या अलीकडे थांबली असती. आगगाडी आणि पुलाची शेकडो गणिते मी पोरांकडून सोडवून घेतली. ब्रेक कोणत्या पायाखाली आहे, हे घरच्या पोराला दहा वेळा करायला लावले नाही.

आता प्रश्न होता, हे बाहेर सांगायचे की नाही? आमच्या शेजारी वकीलसाहेब राहतात. त्यांनी शांतपणे समजावले. भरपाईच्या दाव्यात न्यायाधिकरण दोष टक्क्यांनी वाटते. मुलाने स्वतःसाठी दावा केला तर त्याच्या चुकीएवढी रक्कम कापली जाईल. मागे बसलेल्याचे तसे नसते. तो बिचारा काहीच चालवत नसतो, त्यामुळे दोन्ही वाहनांची चूक असली तरी पूर्ण भरपाई तो दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने हे २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. पण ट्रॅक्टरच्या विमा कंपनीने ती दिली, तर आपल्या मुलाच्या वाट्याचे पैसे ती गाडीच्या मालकाकडून मागेल.

"आणि तुमच्या गाडीचा विमा?" त्यांनी विचारले. कायद्याच्या सक्तीपुरता, नुसता थर्ड पार्टी. जुन्या गाडीला आणखी कशाला, म्हणून हप्ता वाचवलेला. अशा विम्यात मागे बसलेला स्नेही धरला जात नाही, हे मला त्या दिवशी कळले. आपल्यापैकी किती जणांच्या स्कूटरला असाच कागद आहे, तो कपाटातून काढून बघावा.

"तेव्हा," वकीलसाहेब म्हणाले, "मेस्त्रींच्या दुकानात काय बोलणं झालं ते मी ऐकलेलं नाही."

सौभाग्यवतींचे मतही तेच. "ट्रॉलीला दिवा नव्हता हे खोटं आहे का?" खोटे नव्हतेच. दिवा असता तर काहीच घडले नसते. मुलगा मात्र म्हणाला, "आई, त्यानं मला तिथं झोपल्या झोपल्या विचारलं, तू ब्रेक मारलास ना? मी हो म्हणालो." मग त्या घरात यावर पुन्हा वाद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मित्राच्या घरी गेलो. त्याच्या पायात लोखंडी सळई बसवली होती आणि शेवटच्या सत्राची परीक्षा बुडणार हे पक्के झाले होते. मुलाने सांगितले. मी लायनरचे सांगितले, विम्याचे सांगितले. मित्र थोडा वेळ छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मला वाटलंच होतं, गाडी हळू झालीच नाही." त्याची आई आत निघून गेली. आम्ही उठेपर्यंत ती बाहेर आली नाही. औषधोपचाराचा जो खर्च आम्ही उचलला त्याबद्दल इथे लिहिण्यासारखे काही नाही. दावा अजून चालू आहे.

हेल्मेटबद्दल आपल्या शहरांत वाद घालायची हौस फार. पुण्याने तर त्यासाठी मोर्चे काढले आहेत. १९३५ साली इंग्लंडात टी. ई. लॉरेन्स, अरबस्तानातल्या पराक्रमामुळे जगाला ठाऊक झालेला, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या जखमेने गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या जखमा तपासल्या आणि १९४१ मध्ये शिरस्त्राणाच्या बाजूचा पुरावा छापला. ब्रिटनमध्ये सक्ती यायला १९७३ उजाडले. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. हेल्मेट न घालता मेलेले ५०,०२९, आणि त्यातले १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागच्यालाही हेल्मेट कायद्याने लागते. पण बहुतेक घरांत हेल्मेट एकच असते आणि ते चालवणाऱ्याचे असते. आमच्याही घरात एकच होते.

गाडी फेब्रुवारीत तयार झाली. नवे फोर्क, नवी रिम, नवे लायनर, आणि झोत लांब टाकणारा दिवा. मेस्त्रींनी किल्ली माझ्या हातात दिली नाही. रविवारी उद्यमनगरच्या बंद गल्लीत त्यांनी चिरंजीवांना वीस-तीसच्या वेगाने फेऱ्या मारायला लावल्या. स्वतः टॉवेल घेऊन कडेला उभे. टॉवेल कधी हलेल याचा नेम नाही, आणि हलला की ब्रेक. पहिल्या दहांत चार वेळा पाय उजवीकडे गेला. तिसऱ्या रविवारी एकदाही गेला नाही. मग त्यांनी मलाही फेऱ्या मारायला लावल्या. माझा पाय चुकला नाही, पण टॉवेल हलल्याचे मला उशिरा दिसले. डोळे तपासून घेतले, चष्म्याचा नंबर वाढला आहे.

मुलाने पहिल्या पगारातून दुसरे हेल्मेट घेतले आणि पाडव्याला मित्राकडे गेला. मित्र आता काठीशिवाय चालतो, थोडा लंगडतो. बुलेटवर तो अजून बसलेला नाही. हेल्मेट काकूंनी हातात घेतले, आतून बाहेरून पाहिले, पट्टा ओढून पाहिला आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवले.

"हे इथेच राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याला न्यायचा असला तर घरात येऊन माझ्याकडून मागून न्यायचं."