अवकाशातील शागिर्दी : अ‍ॅन मॅकॅफ्री यांच्या कादंबऱ्यांतील गाणे

गाण्याने दिवे पेटतात, अवेळी पाऊस पडतो, रानातील हरणे भान हरपून जवळ येतात, या गोष्टी भारतीय वाचकाला नवीन नाहीत. तानसेनाने आळविलेल्या दीपकाची आणि त्याचा दाह शमविणाऱ्या मल्हाराची आख्यायिका कोणत्या ना कोणत्या रूपात देशभर सांगितली जाते. या आख्यायिकांचे एक वैशिष्ट्य मात्र सहसा ध्यानात येत नाही. त्यांतील गवई चमत्काराच्या क्षणी सिद्धच असतो. पहिला सूर लागेपर्यंत त्याची किती वर्षे गेली, तारेने त्याची बोटे कशी कापली, घरातून त्याला कोणी अडविले, याविषयी आख्यायिका फारसे बोलत नाही. चमत्कार सांगायचा आणि रियाज गाळायचा, ही तिची रीत आहे.

इंग्रजीतील अवकाश-अद्भुतिकेच्या एका शाखेने नेमकी ही गाळलेली जागा भरून काढली. अ‍ॅन मॅकॅफ्री (१९२६–२०११) यांच्या 'ड्रॅगनसाँग' (१९७६), 'ड्रॅगनसिंगर' (१९७७) आणि 'ड्रॅगनड्रम्स' (१९७९) या तीन कादंबऱ्या तिचे ठळक उदाहरण होत. परका ग्रह, आग ओकणारे ड्रॅगन, गाण्याला साद देणारे प्राणी अशी सगळी अद्भुताची सामग्री त्यांत आहे. परंतु कथेचा खरा विषय आहे तो एका मुलीची शागिर्दी. गाण्याची शक्ती किती, यापेक्षा गाण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांत अधिक निकडीचा आहे.

मॅकॅफ्री यांचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातला. महाविद्यालयात त्यांनी स्लाव्ह भाषा आणि साहित्याचा अभ्यास केला. त्याखेरीज अनेक वर्षे त्या गळ्याची तालीम घेत होत्या. संगीतिकांच्या रंगभूमीशी त्यांचा निकटचा संबंध होता. कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराच्या एका नाट्यकृतीच्या अमेरिकेतील पहिल्या प्रयोगाचे रंगदिग्दर्शन त्यांनी केले होते. १९७० मध्ये त्या आयर्लंडला गेल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. विज्ञानकथेसाठी दिले जाणारे ह्यूगो पारितोषिक कथालेखनाकरिता मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री-लेखिका. हे घडले १९६८ मध्ये. ज्या कथेला ते मिळाले तिच्यातूनच पर्न या ग्रहाचा कथाविस्तार सुरू झाला.

पर्न ही माणसांची फार जुनी वसाहत आहे. अवकाशयानांतून आलेले पूर्वज आणि त्यांची यंत्रे पुढच्या पिढ्या विसरून गेल्या आहेत, त्यामुळे वाचकासमोर येतो तो गढ्या, सरदार आणि कारागिरांची मंडळे असलेला, वरवर मध्ययुगीन वाटणारा समाज. ड्रॅगनदेखील मूळचे जादूचे प्राणी नाहीत. त्या ग्रहावरील लहान अग्निसरड्यांवर प्रयोग करून पूर्वजांनीच ते घडविले, हा वृत्तान्त 'ड्रॅगन्सडॉन' (१९८८) या कादंबरीत येतो. आपण परीकथा लिहीत नसून विज्ञानकथा लिहितो, असा लेखिकेचा आग्रह होता. आणि तो बऱ्याच अंशी योग्य म्हणावा लागेल, जरी पर्नचा सूर्य म्हणून निवडलेला रुकबात हा धनू राशीतील तारा प्रत्यक्षात त्यांनी वर्णिलेल्या सोनेरी सूर्यासारखा नसून निळसर पांढरा आणि कितीतरी अधिक तप्त असला तरी!

या ग्रहावर एक संकट ठराविक काळाने येते. लाल तारा जवळ आला, म्हणजे सुमारे दोनशे वर्षांच्या अंतराने, आकाशातून 'थ्रेड' नावाचे तंतू पडू लागतात, आणि ही वृष्टी पन्नास वर्षे अधूनमधून चालू राहते. तंतू जे जे सजीव त्याला खाऊन टाकतात. ड्रॅगनांच्या ज्वाळांनी ते आकाशातच जाळावे लागतात. दोन वृष्टींमधल्या दीर्घ शांततेत माणसे संकट विसरतात. लिखित नोंदी कुजतात, अक्षरे पुसली जातात. उरते ते गाणे. म्हणून 'हार्पर' हा पर्नवरील केवळ करमणूक करणारा कलावंत नव्हे. मुलांना पाठ करावयास लावलेल्या शिक्षणगीतांतून तो इतिहास, कायदा आणि कर्तव्य शिकवितो, बातम्या पोचवितो, प्रसंगी तंटेही सोडवितो. मराठी वाचकाला शाहीर आणि गावचा पंतोजी एकत्र केल्यास त्याची साधारण कल्पना यावी. 'ड्रॅगनफ्लाइट' (१९६८) या पहिल्या कादंबरीत तर एका जुन्या, अर्थ हरवलेल्या प्रश्नगीताचा उलगडा झाल्यामुळेच चारशे वर्षांपूर्वी नाहीशी झालेली ड्रॅगनांची पथके कोठे गेली हे कळते आणि ग्रह वाचतो. पाठांतराने ज्ञान जपणाऱ्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला यात अशक्य असे काही वाटणार नाही.

गाण्यावर एवढा भार असलेल्या या समाजात गाणे कोणी म्हणावे याचे नियमही तितकेच कडक आहेत. मेनॉली ही एका समुद्रकाठच्या गढीच्या प्रमुखाची, यानसची, धाकटी मुलगी. गढीतला वृद्ध हार्पर पेटिरॉन तिला मनापासून शिकवितो, तिने रचलेल्या दोन चाली गुपचूप हार्पर-मंडळाचा मुख्य रॉबिंटन याच्याकडे पाठवितो, आणि मरण पावतो. नवा हार्पर येईपर्यंत मुलांचे पाठ घेण्याचे काम तिच्यावर येते, कारण ते करू शकणारे दुसरे कोणीच नसते. यानसला मात्र याची लाज वाटते. मुलीने हार्परच्या जागी उभे राहणे म्हणजे गढीची नाचक्की. पाठ घे, पण स्वतःचे सूर जुळवू नकोस, अशी तिला ताकीद मिळते. ती मोडल्यावर मार मिळतो. पुढे मासे साफ करताना सुरीने तिचा तळहात चिरला जातो. आई जखमांवरील उपचारात निष्णात असूनही ती जखम अशी भरते की बोटे पुरती ताणता येऊ नयेत. हे निष्काळजीपणाने झाले की हेतुपुरस्सर, हा संशय कथेत रेंगाळत राहतो. या प्रकरणांत एकही ड्रॅगन फारसा दिसत नाही, आणि तरीही त्रयीतील सर्वांत प्रभावी भाग हाच आहे. येथे दुष्ट म्हणावे असे कोणी नाही. यानस कष्टाळू आणि न्यायी आहे. तो आपल्या मुलीचा द्वेष करीत नाही. तिच्यापाशी जे आहे ते त्याला ऐकूच येत नाही, एवढेच.

मेनॉली घर सोडते आणि किनाऱ्यावरील एका गुहेत राहू लागते. भरतीच्या पाण्यात वाहून जाऊ पाहणारी अग्निसरड्यांच्या राणीची अंडी ती वर हलवून वाचविते. पुढे तंतुवृष्टी चालू असतानाच ती फुटतात, आणि बाहेर धावणारी पिले मरू नयेत म्हणून ती त्यांना भरविते. भरविणाऱ्याशी त्यांचे मन कायमचे जुळते. अशी नऊ पिले तिची होतात, आणि ती गाऊ लागली की तिच्या सुरात सूर मिसळतात. या त्रयीतले 'जादूचे संगीत' म्हणावयाचे ते एवढेच. त्याने शत्रू मूर्च्छित होत नाहीत की दारे उघडत नाहीत. ज्या मुलीचे गाणे घरात कोणी ऐकून घेतले नाही तिला प्रथमच श्रोते मिळाले, आणि तेही साथ करणारे, असा त्याचा अर्थ आहे. नऊ ही संख्या मात्र जरा सढळ हाताने दिलेली वाटते.

'ड्रॅगनसिंगर'मध्ये मेनॉली हार्पर-मंडळात दाखल होते. सगळी कादंबरी सुमारे एका आठवड्याच्या अवधीत घडते आणि तिचा मोठा भाग परीक्षांनी व्यापलेला आहे. कोणी तिचे वाद्यवादन तपासतो, कोणी आवाज, कोणी रचना. शास्त्र शिकविणाऱ्या वृद्ध मॉर्शलला तर मुलीने शिकणेच मान्य नाही. शागिर्दाला वाद्य केवळ वाजविता येऊन चालत नाही, ते घडविताही यावे लागते; गुहेत असताना वेताच्या नळ्यांपासून तिने केलेला पावा त्यामुळेच येथे तिच्या कामी येतो. वैद्य तिचा हात तपासतो आणि रोजच्या व्यायामाने तो मोकळा होऊ शकेल असे सांगतो. हाताला चमत्काराने गुण येत नाही, ही गोष्ट महत्त्वाची. युरोपीय साहित्यात घडणीच्या कादंबरीचा आदर्श म्हणून ग्योटेची 'विल्हेल्म माइस्टर' (१७९५–९६) सांगितली जाते, आणि तिच्या नावातच उमेदवारीच्या वर्षांचा निर्देश आहे. मॅकॅफ्री यांनी तो निर्देश अक्षरशः घेतला. शागीर्द, मग फिरता कारागीर, मग उस्ताद, अशा पायऱ्यांनीच त्यांची पात्रे मोठी होतात. आपल्याकडील गंडाबंधनाशी याचे साम्य वरवरचे आहे. गंडा एका गुरूशी बांधतो, तर येथे निष्ठा मंडळाशी असते आणि विद्या अनेकांकडून घ्यावयाची असते.

मोठे होणे म्हणजे मिळविणे, ही समजूत 'ड्रॅगनड्रम्स' मोडून काढते. तिचा नायक पायमर हा मंडळातील सर्वांत सुरेल बालगायक. एका नव्या रचनेतील प्रमुख भूमिका त्याच्याकडे असतानाच त्याचा आवाज फुटतो. वयात येण्याची ही खूण प्रत्येक गाणाऱ्या मुलाच्या वाट्याला येते. येथे तिच्यामुळे एका मुलाचे अवघे स्थानच जाते. त्याला संदेश पाठविणाऱ्या नगाऱ्यांच्या मनोऱ्यात धाडले जाते. तिथली सांकेतिक भाषा तो इतक्या झपाट्याने आत्मसात करतो की सहाध्यायी त्याच्या जिवावर उठतात. पुढचा दक्षिण खंडातील साहसाचा भाग रंजक असला तरी सैल आहे. मात्र गळा गेल्यावर गवयाचे काय उरते, या प्रश्नाला लेखिकेने दिलेले उत्तर मार्मिक आहे. उरतो तो कान.

या प्रश्नाकडे त्या पुन्हा वळल्या त्या 'क्रिस्टल सिंगर' (१९८२) या कादंबरीत. किलाशान्ड्रा दहा वर्षे गायनाचे शिक्षण घेते आणि शेवटी तिला ऐकविले जाते की तिच्या आवाजात एक खर आहे, ती पहिल्या प्रतीची गायिका कधीही होणार नाही. ती बॅलीब्रान ग्रहावर जाते. तिथल्या डोंगरांत असे स्फटिक आहेत की गाऊन त्यांचा नेमका स्वर शोधावा आणि त्या स्वरात लावलेल्या यंत्राने ते कापावेत. ताऱ्याताऱ्यांमधले दळणवळण या स्फटिकांवर चालते. सतारीच्या किंवा सारंगीच्या तरफांना हात न लावता त्या मूळ स्वराबरोबर निनादतात, त्याच अनुनादाच्या तत्त्वाचा हा कल्पनाविस्तार आहे. किंमतही जबर आहे. स्फटिक कापणाऱ्याला दीर्घायुष्य मिळते, पण त्याची स्मृती झिजत जाते. पर्नवर गाणे आठवण राखते. बॅलीब्रानवर तेच आठवण खाते. लेखिकेने या दोन कल्पना एकमेकींसमोर मुद्दाम मांडल्या की नाही, हे ठरविण्याची गरज नाही. वाचकाला त्या तशा दिसतात.

समकालीनांशी ताडून पाहिल्यास मॅकॅफ्री यांचे वेगळेपण स्पष्ट होते. सॅम्युएल डिलेनी यांच्या 'नोव्हा'त (१९६८) माउस या तरुणाजवळचे वाद्य नादाबरोबर प्रकाश आणि गंधही निर्माण करते, आणि प्रसंगी शस्त्र बनते. ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या 'साँगमास्टर'मध्ये (१९८०) अन्सेट हा बालगायक सम्राटाच्या मनाचा ठाव घेतो. शैलीच्या दृष्टीने डिलेनी मॅकॅफ्रींपेक्षा निःसंशय सरस आहेत. परंतु या दोन्ही ठिकाणी संगीत ही दुसऱ्यावर चालणारी सत्ता आहे. मॅकॅफ्रींकडे ते काम आहे. बोटांना घट्टे पाडणारे, पोट भरणारे, आणि न करता आले तर माणसाला आजारी करणारे.

उणिवाही लपविण्यासारख्या नाहीत. कादंबऱ्यांत जागोजागी येणारी पद्ये सामान्य आहेत. ज्या गीतांवर ग्रह डोलतो असे सांगितले जाते ती वाचताना डोलावेसे वाटत नाही. याहून गंभीर आक्षेप समाजरचनेविषयी आहे. मंडळाच्या आवारात सरदारांच्या मुली शुल्क भरून संगीत शिकतात, पण त्यांना शागिर्दीचा दर्जा नाही. मेनॉलीला तो मिळतो तो रॉबिंटनने निवडल्यामुळे. खालच्या कामकऱ्यांचे जिणे जसे होते तसेच राहते.

रॉबिंटन हा पेटिरॉनचाच मुलगा. 'द मास्टरहार्पर ऑफ पर्न' (१९९८) या उत्तरकाळातील कादंबरीत या पितापुत्रांची कहाणी सविस्तर येते. मुलगा अगदी लहानपणापासून चाली रचतो, पण स्वतःच्या रचनांत बुडालेला बाप त्याच्याकडे पाहतही नाही, आणि गायिका असलेली आई मुलाची विद्या नवऱ्यापासून दडवून जोपासते. मुलगा मंडळाचा प्रमुख झाल्यावर पेटिरॉन दूरच्या समुद्रकाठी निघून जातो. तिथल्याच गढीत मेनॉली त्याची विद्यार्थिनी होते. स्वतःच्या मुलाला जो कान त्याने कधी दिला नाही तो त्याने कोळ्यांच्या एका मुलीला दिला, आणि तिच्या चाली पाठविल्या त्या याच मुलाकडे.