‘शारदा’ नाटकातील सोयरीक आणि हास्य

‘संगीत शारदा’ या नाटकाचा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ साली इंदुरात केला, ही गोष्ट आपण इंदूरकर अभिमानाने सांगत असतो. परंतु बालाजरठविवाहाचा निषेध करणारे नाटक एवढी चिठ्ठी त्यास एकदा डकविली की, त्यातील हास्याकडे पाहण्याचे कोणास कारण उरत नाही. वास्तविक गोविंद बल्लाळ देवलांनी प्रेक्षकांस आधी पोटभर हसविले आहे, आणि तेही सोयरीक जुळविण्याच्या उद्योगावर. देवलांची बाकीची नाटके संस्कृत वा पाश्चात्य कृतींवर आधारलेली आहेत. हे एकच सर्वस्वी त्यांचे स्वतःचे. समाजात जे उघड चालले होते तेच त्यांनी रंगभूमीवर आणले.

पंचाहत्तरीच्या घरातील धनाढ्य भुजंगनाथास नवी बायको हवी आहे. कांचनभटास मुलीच्या ठिकाणी द्रव्य दिसते. या दोघांच्या मध्ये भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ उभा आहे, आणि माझ्या मते नाटकातील हास्याचा खरा धनी तोच. म्हाताऱ्यास आपण अजून नवरदेव शोभतो असे ऐकावयाचे असते. बापास आपण मुलीचे कल्याणच करीत आहो असे ऐकावयाचे असते. दीक्षिताचा धंदा या दोन गरजांवर चालतो. वधूपित्याने द्रव्य घेऊन कन्या देणे यास स्मृतिकारांनी ‘आसुर’ विवाह म्हटले आणि तो निंद्य ठरविला. येथे मात्र तोच व्यवहार मुहूर्त, मंत्र आणि अक्षता यांच्या पांघरुणाखाली चालतो. भाषा धर्माची आणि हिशेब बाजाराचा, या विसंगतीतून हशा उत्पन्न होतो. (तो हशा पिकत असताना शारदेचे दुःख त्या काळी पुरुषनटाच्याच मुखातून ऐकू येत होते, हेही जाता जाता लक्षात ठेवावे.)

भुजंगनाथ ही कवीची अतिशयोक्ती नव्हे. म्हैसूर संस्थानाने १८९४ सालीच असा निर्बंध केला होता की, पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदा वर्षांखालील मुलीशी विवाह करू नये. ज्या गोष्टीवर कायदा करावा लागतो ती विरळा नसते. पुढे १९२९ साली हरबिलास सारडा यांच्या प्रयत्नाने बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला, तो मराठीत ‘शारदा कायदा’ म्हणून रूढ झाला. पुष्कळांना वाटते की हे नाव देवलांच्या नायिकेवरून आले. तो केवळ नामसादृश्याचा योग आहे.

वरसंशोधन आणि वधूसंशोधन हा विषय केवळ आपलाच नाही. जपानात फूजी दूरचित्रवाणीने २००९ साली ‘कोनकात्सु!’ नावाची विनोदी मालिका दाखविली. नोकरी शोधण्याच्या खटपटीस तेथे जो शब्द आहे त्याच्या धर्तीवर विवाहाच्या खटपटीसाठी हा शब्द त्याआधी दोनच वर्षांपूर्वी बनला होता. पूर्वी तेथेही मध्यस्थ दोन्ही घरांची गाठ घालून देत. ती प्रथा क्षीण झाली आणि अर्जदाराप्रमाणे स्वतःस मांडण्याची पाळी ज्याच्या त्याच्यावर आली. म्हणजे तेथे दीक्षित नाहीसा झाल्यामुळे हसू येते, आमच्याकडे तो असल्यामुळे. मला तर आमच्याकडील विवाहमंडळांच्या नोंदवह्या चाळताना, वर्ण, उंची आणि वेतन यांचे रकाने पाहून, दीक्षित कोठे गेला असे मुळीच वाटत नाही.

हे नाटक वर्गात समजावून देताना एक अडचण मात्र नेहमी उभी राहते. भुजंगनाथाशी होणारा शारदेचा विवाह मोडतो तो तिने नकार दिल्यामुळे नव्हे, किंवा वर म्हातारा आहे म्हणूनही नव्हे. दोघांचे गोत्र एकच आहे असे कोदंड ऐनवेळी उघडकीस आणतो, म्हणून तो मोडतो. कोदंड सुधारक खरा. पण त्याला शस्त्र उचलावे लागले ते जुन्या शास्त्राचेच. देवलांनी हे फार जाणून केले असावे. त्या मंडपात दुसरे कोणतेही कारण कोणी ऐकून घेतले नसते. विवाह मोडूनही शारदेची सुटका होत नाही. ती जीव देण्यास नदीवर जाते, तेथे कोदंड तिला वाचवितो.

१९४६ च्या कायद्याने सगोत्र विवाहास मान्यता मिळाली, तेव्हा कोदंडाचे ते शस्त्र आज न्यायालयात चालणार नाही. १९७८ पासून वधूचे किमान वय १८ आणि वराचे २१ आहे. पण वराच्या वयास वरची मर्यादा या कायद्यात नाही.

एकदा एका मुलीने तासाला उभे राहून विचारले, “सर, गोत्र निराळे असते तर?” वर्ग तोपर्यंत दीक्षितावर हसत होता, तो गप्प झाला. मी पुस्तकाची पाने मागे उलटली. शारदेची आई इंदिराकाकू या सोयरिकीस विरोध करते, ते प्रवेश पुन्हा मोठ्याने वाचावयास मी त्याच मुलीस सांगितले.