कासवांचे आजार : निदान आणि उपचार

कासवी आपल्या पिलांना केवळ दृष्टीने पोसते, ही कल्पना मराठी संतवाङ्मयाला फार प्रिय आहे. निसर्गात मात्र गोड्या पाण्यातील कासविणी काठावर अंडी पुरून सामान्यतः निघून जातात. पिलांच्या वाट्याला आईची दृष्टी येत नाही. परंतु आजारी कासवाच्या बाबतीत ही प्रतिमा उलट दिशेने सार्थ ठरते. त्याला वाचवावयाचे असेल, तर माणसानेच प्रथम त्याच्याकडे नीट पाहिले पाहिजे.

कोलकात्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. उत्तर प्रदेशातून गोणपाटांत कोंबून बंगालकडे नेली जाणारी कासवे रेल्वेत व बाजारांत वारंवार पकडली गेली आहेत. बंगालीत ज्याला ‘सुंधि काछिम’ म्हणतात, त्या लहान मृदुकवची कासवाचा त्यांत मोठा भरणा असतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने या जातीला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे. तथापि गुन्हेगार सापडला म्हणजे कासव वाचले, असे होत नाही. पाण्यावाचून एकमेकांखाली दबून आलेले हे प्राणी अनेकदा शुष्क, जखमी आणि जंतुबाधित असतात.

निदानातील पहिली अडचण कवचाची. फुप्फुसे पाठीच्या कवचाला लागून असतात, पण स्टेथोस्कोपला त्यांचा आवाज नीट मिळत नाही. मध्ये ओले फडके ठेवल्यास तो काहीसा स्पष्ट होतो. म्हणून चिकित्सकाला वर्तनावरूनच पुष्कळसे अनुमान करावे लागते. एका अंगावर कलून तरंगणारे, तोंड उघडून श्वास घेणारे किंवा नाकातून बुडबुडे सोडणारे कासव बहुधा फुप्फुसदाहाने पीडित असते. पोटाकडील कवचावर लाली पसरली असेल, तर रक्तात जंतू शिरल्याची शंका घ्यावी. अन्न टाकलेल्या कासवाने मासेमारीचा गळ गिळला आहे काय, हे क्ष-किरणचित्रावरून कळते.

कवच हे निर्जीव चिलखत नव्हे. ते जिवंत हाड आहे. आलिपूर प्राणिसंग्रहालयातील ‘अद्वैत’ हे अतिवृद्ध कासव मार्च २००६ मध्ये मरण पावले. ते जमिनीवरच्या जातीचे होते. परंतु त्याच्या कवचाला आधी तडा जाऊन आत जखम झाली होती, ही गोष्ट सर्वच कासवांच्या चिकित्सकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

उपचाराचे मुख्य सूत्र तापमान होय. कासवाच्या देहाची ऊब भोवतालावर अवलंबून असते. थंडीत त्याची प्रतिकारशक्ती आणि औषधाची क्रिया दोन्ही मंदावतात. यास्तव आधी ऊब व उथळ पाणी द्यावे, अन्न मागाहून. औषधही या मंद गतीला जुळवून द्यावे लागते : सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक माणसाला दिवसातून दोन-तीनदा देतात, तर कासवाला सामान्यतः ७२ तासांतून एकदा. टोचणी पुढच्या पायात द्यावी, कारण मागील अंगातील रक्त मूत्रपिंडांतून जाऊन औषध वाया जाण्याचा संभव असतो. कासवाचा पू पनीरासारखा घट्ट असल्यामुळे तो वाहून जात नाही. शस्त्राने काढावा लागतो. जखम कोरडी ठेवणे इष्ट खरे, परंतु मृदुकवची कासव पाण्याबाहेर फार काळ ठेवता येत नाही. येथे वैद्याच्या तारतम्याची कसोटी लागते.

बरे झालेले कासव जवळच्या कोणत्याही तळ्यात सोडणे हे पुण्यकर्म वाटते, पण ते अनर्थकारक ठरू शकते. ते दुसऱ्या नदीचे रहिवासी असते, आणि निरोगी दिसत असूनही त्याच्या अंगी जंतू असू शकतात. २००८ मध्ये सुंदरबनातील सजनेखालीच्या तळ्यात बाटागुर बास्का या दुर्मिळ जातीची मोजकीच कासवे हाती लागली आणि त्यांच्यापासून पुढील प्रजनन सुरू झाले. इतक्या थोड्या प्राण्यांवर जेव्हा एका जातीचे भवितव्य अवलंबून असते, तेव्हा बाहेरून आलेला एक रोगही पुरेसा होतो. म्हणून नवे कासव काही काळ वेगळे ठेवणे, तपासणे आणि त्याच्या मूळ नदीचा शोध घेणे, हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे.