निखाऱ्यावरची कोंबडी

भाजून खाणे ही गोष्ट आपल्या यवतमाळ जिल्ह्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. हिवाळा लागला की शेतात पऱ्हाट्या पेटवून त्यावर भरिताची वांगी भाजायची, गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे दडपायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आता त्याच अंगणात आणि गच्चीवर ‘बार्बेक्यू चिकन’ आले आहे. नाव दूरचे आहे. कॅरिबियन बेटांवरचे तैनो लोक लाकडी मचाण बांधून त्यावर मांस भाजत. त्या मचाणाचे नाव स्पॅनिश भाषेतून इंग्रजीत गेले आणि तिथून आपल्याकडे आले. काम मात्र ओळखीचेच आहे. फरक एवढाच, की वांगे कच्चे राहिले तर भरीत बिघडते, कोंबडी कच्ची राहिली तर माणसे आजारी पडतात.

प्रथम जळणाचा विचार करू. सर्वांत चांगला लाकडी कोळसा, त्यातही बाभळीसारख्या कठीण लाकडाचा. तो सावकाश आणि सारखा जळतो. एक किलो चिकनला साधारण एक ते दीड किलो कोळसा पुरतो. वणी भागात खाणीचा दगडी कोळसा सहज दिसतो, पण तो यासाठी वापरू नये. त्यातल्या गंधकाचा आणि इतर घटकांचा धूर थेट अन्नात उतरतो. कापसाच्या पऱ्हाट्यांबाबतही आता सावध राहिलेले बरे. 2017 साली आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले, हे आपण विसरलेलो नाही. ज्या झाडावर वारंवार औषध मारले, त्याच्या धुरावर अन्न भाजू नये, हेच शहाणपणाचे. रंग दिलेले फर्निचरचे तुकडे, प्लायवूड, रॉकेल हेही वर्ज्य.

महागड्या शेगडीची गरज नाही. विटांचा गुडघाभर उंच चौकोन आणि वर जाळी एवढे पुरते. जाळी मात्र स्टेनलेस स्टीलची किंवा साध्या लोखंडाची घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेली कुंपणाची जाळी नको. फार तापली की त्या जस्ताची वाफ होते आणि ती छातीला बाधते.

आता कोंबडी. गावरान कोंबडीची चव सगळ्यांनाच हवी असते, पण तिचे मांस चिवट. ती आधी वाफवून घेतल्याशिवाय निखाऱ्यावर मऊ होत नाही. बॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची, कोवळी असते. भाजायला तीच सोयीची. तंगडीचे तुकडे घ्यावेत. त्यांत चरबी जास्त असल्याने ते लवकर कोरडे पडत नाहीत. तुकड्यांना हाडापर्यंत दोन-तीन चरे द्यावेत.

एक किलो तुकड्यांना एक वाटी घट्ट दही, दोन चमचे आले-लसणाचे वाटण, दोन सपाट चहाचे चमचे मीठ, हळद, आपल्याला झेपेल तेवढे तिखट, धने-जिऱ्याची पूड आणि दोन चमचे तेल चोळावे. दह्यातले सौम्य आम्ल मांस हळूहळू मऊ करते, तर मीठ आत मुरून रस धरून ठेवते. लिंबू मात्र शेवटी पिळावे. लिंबात रात्रभर ठेवलेल्या मांसाचा वरचा थर भुसभुशीत होतो. चार तास किंवा रात्रभर हे मिश्रण फ्रिजमध्येच ठेवावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 42-45 अंशांवर जातो. अशा उन्हात कच्चे चिकन तासाभराहून जास्त बाहेर राहता कामा नये, कारण जंतू झपाट्याने वाढतात.

खरी कला आचेची. कोळसा पेटल्याबरोबर तुकडे टाकले तर बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात. कोळशावर राखाडी-पांढरी राख चढेपर्यंत अर्धा तास थांबावे. मग निखारे एका बाजूला ओढावेत आणि दुसरी बाजू मोकळी ठेवावी. जाळीच्या वर चार बोटे तळहात धरून पाहावा. चार-पाच सेकंद सोसवले तर आच मध्यम समजावी. तुकडे आधी मोकळ्या बाजूला ठेवून वर पातेले उपडे घालावे आणि मधूनमधून उलटावेत. तंगडीला पाऊण तास लागतो. शेवटची पाच-सात मिनिटे ते निखाऱ्यावर सरकवून खमंग रंग आणावा. गूळ, मध किंवा गोड सॉस लावायचा असेल तर तोही याच वेळी, कारण साखर पटकन करपते. चरबी निखाऱ्यावर ठिबकून ज्वाळा उठली तर तुकडे लगेच बाजूला घ्यावेत. त्या काळ्या धुरातली आणि करपलेल्या भागातली काही रसायने आरोग्याला घातक असतात. काळा पापुद्रा काढून टाकावा.

शिजले कसे ओळखायचे? नुसत्या रंगावर जाऊ नये. कोवळ्या कोंबडीच्या हाडाजवळ शिजल्यावरही लालसर छटा राहते आणि कधी मांस पांढरे दिसूनही कच्चे असते. खात्रीचा उपाय म्हणजे स्वयंपाकाचा थर्मामीटर. हाडाला न लावता जाड भागात खुपसावा आणि 74 अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत. तो नसेल तर सर्वांत जाड तुकडा हाडापर्यंत कापून पाहावा. रस स्वच्छ यावा आणि मांस हाडापासून सहज सुटावे. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा राज्यभर लोकांनी कोंबडी सोडली होती. नीट शिजलेल्या मांसात तो विषाणू टिकत नाही, हे तेव्हा वारंवार सांगावे लागले. साल्मोनेलासारख्या जंतूंनाही हाच न्याय.

कच्चे चिकन नळाखाली धुऊ नये. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि कोशिंबिरीच्या ताटापर्यंत पोचतात. कच्च्याची सुरी, पाटी आणि चिमटा वेगळा ठेवावा. उरलेला दह्याचा मसाला तसाच तुकड्यांवर ओतू नये. वापरायचाच तर आधी चांगला उकळून घ्यावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जेवणे आटोपली की गारठ्यात कोणीतरी म्हणते, निखारे अजून लाल आहेत, शेगडी आत घ्या. असे कधीही करू नका. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच तो घात करतो. पावसात आडोसा म्हणून शेगडी खोलीत किंवा बंद व्हरांड्यात नेणेही तितकेच धोक्याचे. निखाऱ्यांवर पाणी शिंपडून राख चाळवावी, पुन्हा पाणी घालावे, हात जवळ नेऊन ती गार झाल्याची खात्री करावी आणि मगच झोपायला जावे.