गिअरच्या खाचेत सांडलेला उसाचा रस

उन्हाळा सुरू झाला की माझ्या दुकानात ठरावीक तक्रारींच्या गाड्या येऊ लागतात. काच आपोआप खाली जाते, रात्री दारांची लॉकं खटखट वाजतात, सकाळी बॅटरी उतरलेली. मी आधी एकच विचारतो, "मालक, आत काय सांडलं होतं?" बहुतेकांना आठवायला वेळ लागतो, कारण सांडून दोन-तीन आठवडे होऊन गेलेले असतात. मग घरातलं कोणीतरी सांगतं की तुळजापूरहून येताना ताकाचा डबा कलंडला होता, नाहीतर पंढरपूरहून आणलेल्या चंद्रभागेच्या पाण्याच्या कॅनचं झाकण सैल होतं.

सोलापूरच्या गाड्यांत हे होणारच. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर, सगळीकडे कुटुंबच्या कुटुंब गाडीत बसून जातं. पारा चाळिशीच्या वर असला की प्रत्येकाच्या हातात प्यायला काहीतरी असतं. सांडण्याबद्दल मी कोणाला बोल लावत नाही. पण सांडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

निव्वळ शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. वाहते ती त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. बोअरचं जड पाणी, चहा, ताक, शहाळ्याचं पाणी, उसाचा रस या सगळ्यांत ते असतातच. गाडीतल्या 12 व्होल्टचा माणसाला धक्का बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण स्विचच्या आतल्या बोर्डावर तांब्याच्या केसासारख्या बारीक पट्ट्या असतात. दोन पट्ट्यांमध्ये ओल शिरली आणि वीज चालू राहिली, की प्लसकडचं तांबं झिजायला लागतं आणि पिनांवर हिरवट थर धरतो. चावी काढली तरी हे थांबत नाही, कारण लॉक, घड्याळ, अलार्म यांना बॅटरीतून वीज मिळतच असते.

म्हणून गाडी बाजूला घ्या, चावी बंद करा आणि बॅटरीचा मायनस टर्मिनल आधी काढा. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर तिथेच शॉर्ट होतो. त्यानंतर फडक्याने दाबून दाबून ओल टिपा. घासू नका, घासल्याने रस फटीत उतरतो. "चालतंय का बघू" म्हणून ओला स्विच दाबून बघणं तर अजिबात नको. हेअर ड्रायरच्या गरम हवेने ओल आणखी आत ढकलली जाते आणि प्लास्टिकही वाकतं. दारं उघडी टाकून गाडी वाऱ्यावर ठेवा. सीटखालचा फोम आणि कार्पेट वाळवायला आपलं ऊन चांगलं कामाला येतं.

कार्पेटबद्दल थोडं सविस्तर सांगतो. आपल्याकडे नवी गाडी घेतली की लगेच जाड रेक्झिनचं मॅटिंग बसवतात. वरून पुसलं की कोरडं दिसतं, खाली मात्र कंपनीच्या कार्पेटमागचा फोम पाणी धरून बसतो. दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून वायरिंगचा मुख्य गठ्ठा जातो, पाय ठेवायच्या जागेच्या बाजूला बॉडी अर्थचा बोल्ट असतो. तो बोल्ट गंजला की एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन-चार गोष्टी एकदम बिघडतात आणि माणूस चक्रावतो.

सीटखाली तर आता जपूनच हात घालावा लागतो. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग आणि सीटबेल्टचा इशारा सक्तीचा झाला, त्यामुळे सीटच्या आसपास वायरी वाढल्या. पिवळ्या रंगाचे कपलर एअरबॅगचे असतात. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोलर गिअरच्या कन्सोलखाली, म्हणजे रस सांडतो नेमका तिथेच बसवलेला असतो. पिवळ्या कपलरला मीटर लावायचा नाही. मीटरच्या किरकोळ करंटनेही एअरबॅग फुटू शकते. बॅटरी काढल्यावरही तिथे काही मिनिटं वीज साठलेली असते. एअरबॅगचा दिवा लागून राहिला, तर ज्याच्याकडे त्याच गाडीची माहितीपुस्तिका आणि हत्यारं आहेत त्याच्याकडेच गाडी न्या. हे काम मी स्वतः अंदाजाने कधी करत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आलेली एक गाडी सांगतो. गिअरच्या खाचेत उसाचा रस सांडला होता. मालकांनी पुसून घेतला आणि आठवडाभर गाडी नीट चालली. मग काचा अडखळू लागल्या, मीटरवर एकामागून एक दिवे लागू लागले, फ्यूज जाऊ लागला. कोणीतरी 15 अँपिअरचा निळा फ्यूज काढून 30 चा हिरवा घातला होता. हा प्रकार पाहिला की मला राग येतो. फ्यूज गेला म्हणजे त्याने आपलं काम केलं. जास्त अँपिअरचा घातला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती कार्पेटखाली जळते.

स्कॅनर लावला तर U ने सुरू होणारे कोड ढिगाने आले. याचा अर्थ गाडीतले छोटे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलेनासे झाले होते. ते दोन पिळलेल्या वायरींवरून बोलतात. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटमध्ये 6 आणि 14 नंबरच्या पिना त्यांच्याच असतात. बॅटरी काढून या दोन पिनांमध्ये मोजलं की साधारण 60 ओहम यायला हवेत, कारण दोन टोकांना 120-120 चे रेझिस्टर असतात. 120 आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर शॉर्ट आहे. या गाडीत 9 ओहम आले. मग एकेक कपलर सोडवत गेलो आणि कन्सोलखालचा एक कपलर काढताच आकडा 60 वर आला. उघडून पाहिलं तर पिनांमध्ये काळपट चिकटा भरला होता.

साखरेचा चिकटा साफ करताना बरेच जण थेट स्पिरिट मारतात. साखर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही. आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रशने चिकटा धुवायचा, मग ते पाणी ओढून न्यायला अल्कोहोल वापरायचं आणि बोर्ड पूर्ण सुकू द्यायचा. दोन पिना बदलाव्या लागल्या, बोर्ड वाचला. वायरी कापून, पिळून, टेप गुंडाळून "डायरेक्ट" केलं असतं तर गाडी तेव्हा चालली असती आणि दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी पुन्हा उभी राहिली असती.

बॅटरी उतरण्याचा हिशेबही समजून घ्या. बंद गाडी झोपी गेल्यावर 50 मिलिअँपिअरच्या आत करंट खाते. ओल्या स्विचमुळे तो 500 झाला, तर दिवसाला 12 अँपिअर-तास गेले. 45 अँपिअर-तासाची बॅटरी मग तीन दिवसांत सेल्फ मारायची नाही. अशा वेळी नवी बॅटरी घेऊन पैसे घालवू नका, आधी करंट मोजून घ्या.

पायाशी ओल दिसली म्हणजे काही सांडलंच असेल असं नाही. एसीच्या पाण्याची नळी तुंबली की डाव्या बाजूच्या पायाशी स्वच्छ, वास नसलेलं पाणी साचतं. गोडसर वास आणि काचेवर चिकट धुकं दिसलं तर आतल्या हीटरमधून कूलंट गळतोय. ही दोन्ही कामं वेगळी आहेत.

पुराचं पाणी हा तर निराळाच विषय. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा कितीतरी गाड्यांत गाळासकट पाणी शिरलं. अशी गाडी सुरू करून पाहायचीच नाही, टोइंग करूनच न्यायची. आणि गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर नारिंगी केबलला कोणीही हात लावू नये. तिथला करंट जीव घेतो.

सांडलेला रस पुसल्यावरही उरलेली साखर हवेतली ओल ओढते. मे महिन्यात कोरड्या हवेत ठीक चाललेली गाडी जूनमध्ये त्यामुळेच कुरकुरायला लागते. उन्हाळ्यात गोड काही सांडलं असेल, तर मिरगाच्या आधी कन्सोल आणि कार्पेट एकदा उचलून बघून घ्या.