कोयनाकाठाहून अकरा मारुती

शिखरजीची वंदना आटोपून परतणाऱ्या कुटुंबांच्या प्रवासाला बहुधा एक पुरवणी जोडलेली असते. रेल्वेने इतक्या दूर आलोच आहोत, तर पावापुरी आणि राजगृहीबरोबर गयेचे विष्णुपद मंदिर पाहावे, जमल्यास पुढे पुरी आणि कोणार्क करावे, असा विचार होतो आणि तो योग्यच असतो. घरी आल्यावर महिनाभर जगन्नाथाच्या रथांची आणि कोणार्कच्या दगडी चाकांची वर्णने चालतात. मात्र हीच सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजीकडील मंडळी पावसाळा ओसरल्यावर दोन दिवसांच्या विसाव्यासाठी कोयनानगरला येतात, नेहरू उद्यान पाहतात, ओझर्डे धबधब्याखाली छायाचित्रे काढतात आणि आल्या वाटेने परत जातात. त्या वाटेवर मल्हारपेठ लागते. तेथून उंब्रजकडे वळले की थोड्याच अंतरावर चाफळचा फाटा आहे. गाडी तिकडे क्वचितच वळते.

ज्यांच्यामुळे चाफळचे नाव झाले, त्या समर्थ रामदासांनी मात्र दोन्ही प्रवास केले होते. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे तपाचरण केल्यावर पुढची बारा वर्षे त्यांनी देशभर पायी तीर्थाटन केले. काशी, अयोध्या, पुरी, रामेश्वर अशी नावे परंपरा त्या प्रवासात सांगते. भारताचा एवढा विस्तार डोळ्यांखालून घालून १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले आणि पुढे याच मुलखात रमले. मोठमोठी क्षेत्रे पाहून आलेल्या या माणसाने येथे काय उभारले, तर चुना, वाळू आणि तागाचे मारुती.

संख्येने ते अकरा आहेत. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत ते विखुरले आहेत. समर्थशिष्या वेणाबाई, ज्यांचा मठ मिरजेत आहे, यांच्या एका अभंगात या अकरा स्थानांची यादी येते, म्हणून हीच अकरा प्रमाण मानली जातात. परंपरेने चालत आलेल्या सनावळीप्रमाणे पहिला मारुती शहापूरचा, १६४४ चा. पाठोपाठ १६४५ मध्ये मसूर, १६४८ मध्ये चाफळचे दोन, १६४९ मध्ये शिंगणवाडी, उंब्रज आणि माजगाव, १६५१ मध्ये बहे आणि मनपाडळे, १६५२ मध्ये पारगाव आणि १६५४ मध्ये शिराळा. दहा वर्षांत अकरा देवळे, म्हणजे सरासरी वर्षाला एक. मुलूख विजापूरच्या आदिलशाहीचा होता आणि समर्थांच्या पाठीशी मोठा राजाश्रय नव्हता. हाताशी जे साहित्य आणि जी माणसे होती, त्यांवरच हे काम झाले. म्हणूनच येथे येऊन कोणार्कसारखे शिल्प शोधणाऱ्याची निराशा होईल. पाहण्याजोगी गोष्ट आहे ती साधनांची काटकसर.

कोयनानगरहून सकाळी लवकर निघाल्यास पहिल्या दिवशी सात स्थाने आरामात होतात. पाटण, मल्हारपेठ असे करत गाडी मांड नदीच्या खोऱ्यात शिरते आणि चाफळ येते. येथील राममूर्ती समर्थांनी अंगापूरजवळ कृष्णेच्या डोहातून काढून आणल्या आणि १६४८ मध्ये मंदिरात स्थापन केल्या, अशी परंपरा आहे. रामनवमीचा उत्सव त्यांनी आधी मसूरला सुरू केला होता, तोही नंतर चाफळला आला. रामासमोर हात जोडून उभा असलेला दासमारुती आणि रामाच्या मागच्या बाजूला असलेला प्रतापमारुती, हे अकरापैकी दोन. एक नम्र, तर दुसरा आवेशपूर्ण. एकाच देवाची ही दोन रूपे एकाच आवारात ठेवण्यामागे समर्थांचा काय विचार असेल, याचा अंदाज दोन्ही मूर्तींपुढे क्रमाने उभे राहिल्यावरच येतो. घाईने एकाच प्रदक्षिणेत दोघांना हात जोडणाऱ्याला तो येणार नाही.

चाफळची खरी हकीकत मात्र विसाव्या शतकातील आहे आणि तिचा धागा थेट कोयनानगरशी जुळतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चारनंतर कोयना परिसराला भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. कोयनानगरमध्ये घरे कोसळली. सुमारे १८० माणसे दगावली, हजारो बेघर झाली. धरण तेव्हा नुकतेच उभे राहिलेले. ते टिकले, पण पुढे त्याच्या भिंतीला बळकटी द्यावी लागली. आजही पाटण तालुक्यातील वयस्कर माणसे काळ मोजताना ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ असेच बोलतात. त्या धक्क्यात चाफळच्या राममंदिराचीही मोठी हानी झाली. दासमारुती आणि प्रतापमारुतीची लहान देवळे मात्र शाबूत राहिली, असे चाफळकर सांगतात. भाविकाला यात चमत्कार दिसेल. बांधकामाचा जाणकार म्हणेल की बुटक्या, जाड भिंतींच्या छोट्या गाभाऱ्याला हादरे सोसणे उंच शिखराच्या मंदिरापेक्षा सोपे जाते. दोघांनीही एकमेकांशी भांडण्याचे कारण नाही.

भूकंपानंतर कोयना खोऱ्यात ज्याला त्याला आपले घर उभे करायचे होते. अशा वेळी मंदिराला पैसा कोठून येणार? तो आला मुंबईहून. मफतलाल उद्योगसमूहाचे अरविंद मफतलाल यांनी या मंदिराच्या जीर्णोद्धाराचा भार उचलला आणि १९७२ च्या सुमारास आजचे मंदिर उभे राहिले. मफतलाल हे कापडगिरण्यांचे धनी. समर्थांचा मठ, चाफळचा उत्सव किंवा मराठी संतपरंपरा हा त्यांच्या घरचा वारसा नव्हता. १९६८ मध्ये त्यांनी चित्रकूटला सद्गुरू सेवा संघ ट्रस्टच्या रूपाने सेवेचे मोठे काम सुरू केले होते. तरीही सह्याद्रीच्या कुशीतील एका आडगावच्या मंदिरासाठी त्यांनी हात सैल सोडला. व्यापाऱ्याच्या दानाची ही जुनी रीत या नियतकालिकाच्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको. ज्या गावात दुकान, त्या गावाच्या देवळाला, शाळेला आणि पाणपोईला हातभार, मग देव कोणाचा का असेना, ही रीत या भागातील पेठांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

याच रीतीमुळे एक प्रश्न उभा राहतो आणि अकरा मारुतींच्या वाटेवर तो जागोजाग भेटतो. देणगीदार देतो तेव्हा त्या पैशाचे काय होते? चाफळला मंदिराची इतकी हानी झाली होती की नव्याने बांधण्यावाचून पर्याय नव्हता. पण पुष्कळ गावांत देऊळ धड उभे असते, फक्त जुने झालेले असते. तेथे जीर्णोद्धाराच्या नावाखाली चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढतो, फरशी उखडून चकचकीत टाइल्स बसतात, गाभाऱ्याला स्टीलचे रेलिंग लागते. चुना ओल शोषतो आणि पुन्हा बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडून ठेवते. काही पावसाळे गेले की आतला जुना चुना भुसभुशीत होऊ लागतो आणि देखण्या गिलाव्याआडून भिंत पोखरली जाते. मूर्तीच्या बाबतीत हीच गत शेंदराची. तेलात कालवलेल्या शेंदराचे थर वर्षानुवर्षे साचत गेले की मूळ घडणीचे नाक-डोळे त्याखाली बुजतात. पुढे केव्हातरी हे जड कवच निखळते आणि आतली चेहरेपट्टी पाहून गावच चकित होते. दगडाच्या मूर्तीला हे सोसते. चुना-तागाच्या मूर्तीला सोसेलच असे नाही.

उंब्रजचा मारुती नेमका असा आहे. चुना, वाळू आणि ताग यांची ती घडण, तारळी-कृष्णा संगमाच्या गावी पावणेचारशे वर्षांच्या पावसाळ्यांत टिकून राहिली आहे. मसूरचा मारुतीही चुन्याचा. शहापूरच्या मारुतीला तर लोक सरळ ‘चुन्याचा मारुती’ असेच म्हणतात. अशा ठिकाणी देणगीची पावती फाडण्याआधी दात्याने दोन प्रश्न विचारावेत. काम कोणाच्या सल्ल्याने होणार आहे? आणि आहे त्यातले काय काढून टाकले जाणार आहे? व्यवहारात मालाचा नमुना पाहिल्याशिवाय सौदा न करणारा माणूस धर्मादायाच्या बाबतीत मात्र नाव कोरलेल्या फरशीवर समाधान मानतो, हे नवल आहे. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आज कमी असले, तरी शोधल्यास मिळतात. एखाद्या कुटुंबाने टाइल्सऐवजी त्यांच्या मजुरीसाठी पैसे दिले, तर त्या देवळाचे आयुष्य खरोखर वाढेल. भिंतीवर त्या कुटुंबाचे नाव दिसणार नाही इतकेच.

चाफळजवळचे शिंगणवाडी टेकडीवर आहे. देऊळ अगदी लहान, पण वरून खोऱ्याचा देखावा सुंदर दिसतो. माजगावची गोष्ट वेगळी आहे. गावाच्या वेशीवर घोड्याच्या आकाराचा एक पाषाण होता आणि लोक त्यालाच मारुती मानून पूजत असत. समर्थांनी तो पाषाण हटवला नाही. त्याच्यावरच मारुतीची आकृती कोरून घेतली आणि गावाची श्रद्धा होती तेथेच ठेवली. जीर्णोद्धार समित्यांनी सर्वप्रथम माजगावचेच दर्शन घ्यावे.

त्यानंतर उंब्रज, मसूर आणि मसूर-कराड रस्त्याच्या आत असलेले शहापूर करून मुक्कामाला कराड गाठावे. चोविहार पाळणाऱ्यांनी शहापूरहून थोडे लवकर निघावे, म्हणजे सूर्यास्तापूर्वी कराडात जेवण होते आणि नंतर प्रीतिसंगमावर निवांत बसता येते. कोयनानगरहून निघालेली कोयना येथे कृष्णेला समोरासमोर येऊन मिळते.

दुसऱ्या दिवशी महामार्गाने पेठ नाक्यावरून शिराळ्याला जावे. बत्तीस शिराळ्याचे नाव नागपंचमीमुळे सर्वदूर झाले. जिवंत नाग पकडण्यावर न्यायालयाच्या आदेशाने बंदी आली आणि त्या सणाचे रूप पालटले. अहिंसेचा संस्कार असलेल्या वाचकांना ही बातमी तेव्हा बरी वाटली असेल. त्या गर्दीच्या सणामुळे येथील मारुती मात्र झाकोळून गेला आहे. गाभाऱ्याच्या झरोक्यांतून उगवत्या आणि मावळत्या सूर्याची किरणे मूर्तीच्या मुखावर पडतात. म्हणून कराडहून उजाडण्यापूर्वीच निघणे चांगले. वारणेच्या बाजूला पारगावचा मारुती अकरांत सर्वांत लहान, जेमतेम दीड फुटांचा. समर्थांच्या झोळीतला मारुती, असे त्याला कौतुकाने म्हणतात. पन्हाळा-जोतिबाच्या मुलखातला मनपाडळ्याचा मारुती करून मग पुन्हा महामार्गाला लागावे.

हा प्रवास कोणत्या महिन्यात करावा? चैत्रात रामनवमी, मग चार दिवसांनी महावीर जन्मकल्याणक आणि दोन दिवसांनी हनुमान जयंती. पेठेतली दुकाने त्या आठवड्यात तशीही एक-दोन दिवस बंद असतात. पण तेव्हा गर्दी असते आणि ऊनही कडक. ज्यांना मूर्ती नीट न्याहाळायच्या आहेत, त्यांनी कार्तिकी पौर्णिमेनंतर, चातुर्मास संपल्यावर निघावे. अकराही एका दिवसात उरकण्याची नवी हौस अलीकडे दिसते. भल्या पहाटे निघून रात्री उशिरा परतायचे आणि प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे थांबायचे. वहीत खुणा करण्यापलीकडे त्यातून फारसे काही हाती येत नाही.

परतताना बहे शेवटी ठेवावे. वाळवा तालुक्यात बोरगावजवळ कृष्णेच्या पात्रात रामलिंगाचे बेट आहे. राममंदिराच्या मागे मारुती उभा आहे, दोन्ही बाजूंना हात करून पाणी थोपवून धरल्यासारखा. श्रीराम येथे पूजेला बसले असता कृष्णेला पूर आला आणि मारुतीने बाहू पसरून प्रवाह दुभंगला, म्हणून गावाचे नाव बहे, असे लोक सांगतात. या कथेतले पाणी आज कोयनेवरून येते. कोयनानगरला धरणाचे सहा दरवाजे उचलले की ते पाणी कराडच्या संगमावरून कृष्णेत उतरते आणि पुढे बहेच्या बेटाला वेढा घालून सांगलीकडे जाते. २००५ आणि २०१९ च्या महापुरात सांगलीच्या बाजारपेठेत ज्यांची दुकाने पाण्याखाली गेली, त्यांना या पाण्याचे मोजमाप तोंडपाठ आहे. पावसाळ्याच्या शेवटी कोयनानगरहून निघणाऱ्याने म्हणून आधी धरणाकडे नजर टाकावी. दरवाजे उघडे असतील, तर दहा मारुती करून थांबावे आणि पाणी उतरल्यावर बहेसाठी एक रविवार वेगळा काढावा.