आडनाव एकच, घराणी दोन : मिंग्रेलियाचे दादियानी

वंशावळ वाचताना माझी एक चूक झाली होती, तिथूनच सुरुवात करतो. जॉर्जियाच्या पश्चिमेला, काळ्या समुद्राकाठी मिंग्रेलिया नावाचं संस्थान होतं. तिथे दादियानी राज्य करायचे. यादीत शेवटपर्यंत आडनाव एकच, म्हणून मी सगळ्यांना एकाच वंशाचे धरलं आणि दर पिढीमागे सरासरी किती वर्षं राज्य, याचा तक्ता करून मोकळा झालो. तक्ता छान दिसत होता. फक्त चुकीचा होता.

झालं असं की 17 व्या शतकाच्या अखेरीस मूळ दादियानींची सत्ता संपली आणि लेचखुमीकडचे चिकोवानी सत्तेवर आले. त्यांनी मुलूख घेतला आणि सोबत 'दादियानी' हे नावही घेतलं. का, तर त्या नावाला प्रजेत आणि शेजारच्या राजांत वजन होतं. म्हणजे बाटलीवरचं लेबल तेच, आतलं द्रावण बदललेलं! प्रयोगशाळेत आपण लेबलवर इतक्या सहज विश्वास ठेवत नाही, पण इतिहासाच्या यादीवर ठेवतो. निदान मी ठेवला.

दुसरी अडचण यादीच्या शेवटाची. दादियानींची सत्ता संपली कधी?

1803 मध्ये ग्रिगोल दादियानीने रशियाचं संरक्षण स्वीकारलं, पण घरचा कारभार त्याच्याकडेच राहिला. 1853 मध्ये दाविद दादियानी वारला, मुलगा निको लहान होता, म्हणून राणी एकातेरिने राज्य बघू लागली. क्रिमियन युद्धात, 1855 साली, ओमर पाशाचं तुर्की सैन्य मिंग्रेलियात शिरलं. युद्धाने आणि वेठीने पिचलेले शेतकरी 1857 मध्ये उठले. त्यांचा पुढारी उतू मिकावा हा लोहार होता. रशियाने बंड मोडलं, आणि त्याच निमित्ताने राणीला बाजूला सारून कारभार आपल्या हातात घेतला. निमित्त म्हणतोय ते जाणूनबुजून; बंड शमल्यावर तो राणीला परत मिळाला नाही. 1867 मध्ये निकोने दहा लाख रूबल घेऊन हक्क सोडले आणि संस्थान कागदावरूनही गेलं. तिथल्या भूदासांची कायदेशीर सुटकाही त्याच वर्षीची, पण राजघराण्याच्या यादीत तिला रकानाच नसतो.

तर 1803, 1857 की 1867? तिन्ही बरोबर असू शकतात, आणि प्रत्येकाने सरासरी बदलते. माझा प्रश्न कारभार प्रत्यक्ष कोणाच्या हातात होता हा होता, म्हणून मी 1857 धरलं आणि चिकोवानींपासून पुढचा भाग वेगळा मोजला. तुमचा प्रश्न पदवीचा असेल तर 1867 धरा. पण काय धरलंय ते तक्त्याखालीच लिहा. माझ्या पहिल्या तक्त्याखाली काहीच नव्हतं, त्यामुळे चूक शोधायलाच दोन आठवडे गेले.